अंधारीच्या डोहातली मरळ

माझा धाकटा भाऊ मिलिंद पुण्याहून आला तो गाडीच्या डिकीत एक पिवळी पिशवी घेऊन. पिशवीत घडी घातलेली कयाक, पायानं दाबायचा पंप, दोन वल्ही, दोन लाइफ जॅकेटं आणि मासे धरायच्या सामानाची एक पेटी. सिंदेवाहीत आत्याच्या अंगणात त्यानं हवा भरून दाखवली. बघता बघता चादरीएवढ्या रबराचा दोन माणसं बसतील एवढा डोंगा तयार झाला. आत्याच्या कोंबड्या घाबरून कुंपणाबाहेर गेल्या आणि आत्या म्हणाली, "एवढ्या दुरून हवा भराले आणलं का बाप्पा हे?"

आमचे बाबा जाऊन दोन वर्षं झाली. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या नोकरीतली चार वर्षं आम्ही करंजटोल्याला काढली. पोंभुर्णा तालुक्यात, अंधारी नदीच्या काठावर हे गाव आहे. तिथून बदली झाली तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि मिलिंद सहा. त्याला त्या गावातलं जवळजवळ काहीच आठवत नाही. जे आठवतं असं तो म्हणतो, ते मीच त्याला सांगितलेलं आहे. दर रविवारी बाबा गावातले मासेमार किसनभाऊ ढिवर यांच्या डोंग्यातून मासे धरायला जायचे. मलाही न्यायचे, मिलिंदला लहान म्हणून घरी ठेवायचे. तेवढं एक रडणं मात्र त्याला स्वतःचं आठवतं.

"ताई, एकदा मला ती नदी दाखव," गेल्या वर्षभरात त्यानं फोनवर हे किती वेळा म्हटलं असेल. मी नागपूरच्या दवाखान्यात परिचारिका आहे, चार दिवस रजा मिळणं म्हणजे कठीण काम. शेवटी पोळा होऊन तीनेक आठवडे झाले, नदीचा गढूळपणा बसला, आणि आम्ही निघालो. मिलिंदला मरळ धरायची होती. बाबांचा तोच लाडका मासा.

ज्यांनी मरळ पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. लांबट, काळपट, सापासारख्या डोक्याचा मासा. वाहत्या धारेत तो फारसा राहत नाही. डोहात, गवताच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि समोरून मासोळी, बेडूक, काहीही गेलं की झडप घालतो. पाण्याबाहेर काढला तरी ओल्या फडक्यात कितीतरी वेळ जिवंत राहतो, कारण अधूनमधून वर येऊन तो हवा गिळतो. काटे कमी, मांस घट्ट. आमच्याकडे बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्या माणसाला मरळीचा रस्सा देतात. मिलिंद म्हणाला, परदेशात लोक बास नावाचा मासा कयाकमधून असाच गळानं धरतात, तासन् तास त्याच्यासाठी बसतात. आपली मरळ काय कमी आहे?

करंजटोला

मूलपासून पुढे दोन्ही बाजूंना धान होतं. हलक्या जातीचं निसवून त्याला लोंब्या आल्या होत्या, भारी धान अजून हिरवंगार उभं होतं. बांधावर तुरी. मला वाटलं होतं गाव ओळखू येणार नाही. गाव बदललंच आहे, सिमेंटचे रस्ते, प्रत्येक घरावर टाकी. पण शाळेसमोरच्या चिंचेखाली गाडी थांबली आणि माझे पाय आपोआप किसनभाऊंच्या घराकडे वळले.

किसनभाऊ बाबांच्या आधीच गेले होते, हे आम्हाला ठाऊक होतं. दारात त्यांची बायको भागरथाबाई सूप घेऊन बसली होती. माझ्या लहानपणी ती तरणी सून होती, अख्खं गाव तिला बाईच म्हणायचं, मीसुद्धा. आता सत्तरीची, वाळलेली, पण पाठ ताठ. मी नाव सांगायच्या आत तिनं डोळे बारीक केले.

"गुरुजीची सुनंदा?"

"हो बाई. आणि हा मिलिंद."

"हा? हा त माह्या मांडीवर मुतला होता!" ती उठली आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या, चष्मा लावलेल्या माझ्या भावाचा गाल तिनं जोरात ओढला.

तिचा मुलगा देवराव शेतातून आला. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. तो आता मासे धरत नाही, भाड्यानं पिकअप चालवतो आणि शेती करतो. कयाक बघायला अर्धी आळी जमली. भागरथाबाईनं अंगठ्यानं रबर दाबून पाहिलं.

"काटा टोचला त?"

"नाही फुटत बाई, जाड आहे," मिलिंद म्हणाला.

"अन् फुटला त?"

"तर पोहायचं."

"मंग डोंगा कायले पाह्यजे," ती म्हणाली, आणि सगळे हसले.

दुपारी मी आणि मिलिंद गावाच्या वरच्या अंगाला पाण्यात उतरलो. नागपूरला तलावात मी दोन महिने वल्हं मारायला शिकले होते, पण नदीला तलावासारखी शिस्त नसते. पहिल्या वळणावरच आम्ही काठच्या कहूच्या झाडाच्या मुळांत आडवे शिरलो. मिलिंद गळ टाकत होता, मी नाव सरळ ठेवायची खटपट करत होते. खंड्या एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर आमच्या पुढे पुढे उडत होता. पाण्याचा तो वास, चिखल, कुजलेली पानं आणि कुठूनतरी येणारा गवताचा ओला वास, इतकी वर्षं मी कुठेच घेतला नव्हता. मला एकदम बाबांचा खाकी सदरा दिसला, पाठीवर घामाचा नकाशा उमटलेला.

गळाला लागली ती चिलापी. मग आणखी एक चिलापी, मग तिसरी. ही बाहेरची मासोळी. कुणीतरी कुठल्या तरी तळ्यात सोडली आणि पुरात वाहत सगळीकडे गेली. मिलिंदच्या पेटीतला सगळ्यात देखणा प्लास्टिकचा मासा पाण्याखालच्या झाडात अडकला तो निघालाच नाही. तो अर्धा तास तिथेच ओढाताण करत राहिला. शेवटी दोर तोडला आणि पेटी बंद केली.

"बाबांना अशीच मिळायची का चिलापी?" परत येताना त्यानं विचारलं.

"तेव्हा हे नावही ऐकलं नव्हतं."

संध्याकाळी देवरावच्या घरी जेवण. मी ओसरीवर बसत होते, तर भागरथाबाई आतून ओरडली, "तिथी नको बसू. अंदर ये. चुलीपाशी ये." मी म्हटलं, इथे वारा आहे. तिनं ऐकलं नाही. हात धरून आत नेलं, पाट दिला, स्वतःच्या हातानं वाढलं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, आंबाडीची भाजी आणि आमच्याच चिलापीचा रस्सा, वरून भरपूर सांबार. पुण्याच्या माणसांसाठी सांगते, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मिलिंद बोटं चाटत होता. बाईनं एक घास खाऊन ताट सरकवलं.

"चिलापीले चव नाई. कापूस शिजवून खाल्ल्यावानी लागते."

मग तिनं आपल्या मनातलं सांगितलं. तिच्या वाट्याच्या शेतात एक बोडी आहे, धानाला पाणी द्यायचं छोटं तळं. देवरावनं त्यातही चिलापी सोडली होती. गेल्या उन्हाळ्यात गाळ काढायला बोडी पूर्ण कोरडी केली, तेव्हा सगळी चिलापी संपली. आता पावसानं बोडी भरली आहे, खोलही झाली आहे, आणि तिच्यात अजून एकही मासा नाही. त्यात तिला नदीतली मरळ सोडायची आहे. मरळ राहते गायडोहात, गावापासून खाली, दोन पुलांच्या मधे. पण तिकडची पायवाट वाघामुळे बंद झाली आहे.

"मले उद्या तुमच्या रबराच्या डोंग्यात गायडोहावर न्या," ती म्हणाली.

देवरावचा घास हातातच राहिला. "माय, का बोलून राह्यली तू? गेल्या साली पलीकडच्या गावची बाई नेली त्यानं. सरपणाले गेली होती."

"मी का सरपणाले जाऊन राह्यली? पाण्यानं जाईन. वाघ का डोंग्यात बसते?"

"वाघाले पोहता येते, माय."

"मले बी येते."

बराच वेळ वाद झाला. देवराव चिडला, मग विनवायला लागला. वडील गेल्यापासून आई नदीवर गेली नाही, आता या वयात काही झालं तर लोक मला काय म्हणतील, असं त्याचं म्हणणं. त्याचं चूक नव्हतं. दवाखान्यात मी असे मुलगे रोज बघते, आईच्या काळजीनं तिच्यावरच ओरडणारे. पण बाईनं एकच वाक्य धरून ठेवलं. "हे साल गेलं, त बोडीत पुन्हा चिलापी येईन. पुढच्या साली मी असन का नाई, कोणाले माहीत?"

कयाकमध्ये जागा दोघांचीच. मिलिंदचं वल्हं चांगलं, पण त्याचं वजन नव्वद किलो, आणि बाई त्याच्यासोबत बसायला तयार नव्हती. "बुडवन मले हा," ती म्हणाली. माझ्याकडे सगळे बघायला लागले. मी हो म्हणाले. देवरावनं अटी घातल्या: दहा वाजल्यानंतर निघायचं, तीनच्या आत खालच्या पुलावर पोचायचं, काठाला उतरायचं नाही. तो आणि मिलिंद पिकअप घेऊन पुलावर उभे राहणार.

नदीवर

लाइफ जॅकेट घालायला बाईनं खूप खळखळ केली. शेवटी लुगड्यावर ते केशरी जॅकेट घालून ती पुढे बसली आणि देवरावला हसू आवरेना. सोबत एक जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, त्यावर झाकायला फडकं, तांदळाच्या भाकरी, चटणी आणि तिचा जुना गळ, बांबूच्या काठीचा.

पहिल्या वळणावर आज मी मुळांत शिरले नाही. बाई समोरून सांगत होती. "इकडून नको, खाली गोटा हाय. आता थांब. आता धर." पाण्याच्या वरच्या सुरकुत्या बघून तिला खालचा दगड कळत होता. थोड्या वेळानं मला कळेना, नाव कोण चालवतंय.

दोन्ही काठांना बांबू आणि येनाची झाडं. गावाचा आवाज मागे राहिला. पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. बाई एकेक जागा ओळखायला लागली. इथे किसन पडला होता. इथे गळाला मोठा शिंगाळा लागला होता, दोघांनाही आवरेना. इथे तुझी चप्पल वाहून गेली होती, आठवते का?

आठवत होतं. निळा पट्टा होता तिचा.

मग ती वाळू आली. नदी तिथे रुंद होते आणि मधे पांढऱ्या वाळूचं बेट वर येतं. बाबा, किसनभाऊ आणि मी दर रविवारी तिथेच जेवायचो. मासे धरून झाले की किसनभाऊ तीन दगड मांडायचे. बाई सकाळीच वाटलेला मसाला आणि भात देऊन ठेवायची. एकाच पातेल्यात तिघांचे हात. जेवल्यावर बाबा वाळूवर आडवे व्हायचे आणि मला पाण्यात पाय सोडून बसायला मुभा असायची. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर दुपारी कोणत्या असं कुणी विचारलं, तर मी याच सांगत आले. मिलिंदला सांगितल्या, माझ्या मुलीला सांगितल्या.

"थोडं उतरू बाई, तिथे बसून भाकरी खाऊ," मी म्हटलं. देवरावची अट विसरले होते.

बाईनं वल्ह्यावर हात ठेवला. "खाली पाह्य."

ओल्या वाळूत ठसे होते. पाण्यापर्यंत आलेले आणि परत गेलेले. कडा अजून ढासळल्या नव्हत्या. माझ्या तळहाताहून मोठे.

मी एवढ्या जोरात मागे वल्हं मारलं की पाणी बाईच्या अंगावर उडालं. आम्ही नदीच्या मधोमध आलो, एका खडकाच्या खाचेत वल्हं अडकवून नाव थांबवली, आणि तिथेच डबा उघडला. बाईनं शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला. जरा धीर यावा म्हणून मी बोलायला लागले, त्या वाळूवरच्या रविवारांबद्दल. किती मजा यायची, बाबा घरी कधी असे हसायचे नाहीत, आणि नदीवर मात्र हसायचे.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुह्या बापाले मी कधी घरात जेवाले बोलावलं नाई."

मला आधी समजलंच नाही.

"चार साल होते गुरुजी गावात. माह्या पोट्ट्याले पाटी धराले शिकवलं. किसन अन् ते सख्ख्या भावावानी. पण माही सासू जिवंत होती. बौद्धाचा माणूस चुलीपाशी चालणार नाई म्हणे. ओसरीवर वेगळा कप ठेवला होता त्यायच्यासाठी. म्हणून किसन त्यायले वाळूवर नेऊन जेवे. नदीवर कोणी पाहत नाई."

ती माझ्याकडे बघत नव्हती, वाळूकडे बघत होती.

"सासूचं नाव पुढं करते मी," ती पुढे म्हणाली, "पण मी बी त काही बोलली नाई. तोंड होतं ना मले. मसाला वाटून देत जाय, तेल जास्त टाकत जाय. तेवढंच केलं."

"बाबांना माहीत होतं?"

"माहीत नसन का? गुरुजी होते."

आदल्या संध्याकाळी तिनं मला हात धरून चुलीपाशी का नेलं, ते मला तेव्हा कळलं. राग आला का? आला. पण कोणावर करायचा? सासू जाऊन तीस वर्षं झाली असतील. बाबांवरही आला, एका शब्दानं कधी सांगितलं नाही म्हणून. मला वाटत होतं तो माझा बालपणीचा वनभोजनाचा आनंद होता, आणि तो होता घराबाहेर ठेवलेल्या माणसाला जेवू घालायचा मार्ग. तरी पातेलं एकच होतं, हेही खरं. किसनभाऊंनी स्वतःचा हात त्यात घातला होता, दर रविवारी, चार वर्षं.

बाईनं चटणी लावलेला भाकरीचा तुकडा माझ्यापुढे धरला. मी घेतला. खाल्ला. मग आम्ही दोघींनी नदीतच हात धुतले आणि मी खडकात अडकवलेलं वल्हं काढलं.

गायडोह

डोह हिरव्या पाण्याचा, तिन्ही बाजूंनी करंजाची झाडं वाकलेली, काठाला पाणगवत. तिथे धार जवळजवळ थांबते. बाईनं बोट ओठांवर ठेवलं. वल्हं न मारता आम्ही हळूहळू आत सरकलो.

मला वाटलं होतं ती गळ टाकेल. तिनं काठी उचललीच नाही. ती पाण्याकडे बघत होती. बराच वेळ काही नाही. मग गवताजवळ पाणी उकळल्यासारखं झालं, चुलीवर आधण येतं तसं, वाटीएवढ्या जागेत. मी वाकून पाहिलं. शेकडो चिमुकली पिल्लं, केशरी-लाल, एकमेकांना चिकटून एक गोळा झालेली. गोळा वर येत होता, हवेचा घोट घेऊन खाली जात होता, पुन्हा वर येत होता.

"हायेत," बाई अगदी हळू म्हणाली. "अजून हायेत बाप्पा." तिचे डोळे भरून आले होते.

"आता गळ?"

"खाली मायबाप हायेत. त्यायले काढलं त लेकरं एका दिवसात खतम. चिलापी खाऊन टाकन."

"मग आपण नेणार काय?"

ती विचार करत राहिली. मोठी जोडी न्यायची असं ठरवून आली होती. तिनं गंज पाण्यानं अर्धा भरला, मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. "तुही ओढणी दे."

उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेली सुती ओढणी होती. तिची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. ओढणी पाण्याखाली बुडवायची, गोळा वर आला की दोन्हीकडून एकदम उचलायची. पहिल्यांदा मी घाई केली, गोळा फुटला, पिल्लं खाली गेली. पुन्हा थांबणं. दुसऱ्यांदा ओढणी बरोबर गोळ्याखाली गेली, मी उचलणार, तेवढ्यात खालून काहीतरी काळं आलं आणि माझ्या बोटांवर आदळलं. दातच लागले. मी किंचाळून हात ओढला, एका अंगाला कलंडले आणि सरळ डोहात.

पाणी थंड होतं आणि पायाला तळ नव्हता. जॅकेटनं मला वर फेकलं. कयाक डोलत होती, पण बाईनं एका हातानं करंजाची फांदी धरली होती आणि दुसऱ्या हातात ओढणी, गंज गुडघ्यांत दाबलेला. आणि ती हसत होती. इतकं हसत होती की तिला बोलता येईना.

"बापानं मारलं तुले! लेकराचा बाप हाय तो! बराबर केलं त्यानं!"

बोटातून रक्त येत होतं. मी नावेला लोंबकळत होते आणि मनात त्या ठशांचा विचार. दोन-तीनदा प्रयत्न करून पोटावर रांगत वर चढले. नावेत पाणी, अंगावर पाणी, नाकात पाणी. मग मलाही हसू यायला लागलं. रडूही आलं असेल, ओल्या तोंडावर काय कळणार?

"जायचं का परत?" मी विचारलं.

"परत? हे पाह्य, ओढणी अजून माह्या हातात हाय."

तिसऱ्यांदा बाई नुसती मान हलवून सांगत होती. गोळा वर आला. "आता," ती म्हणाली. ओढणीच्या झोळीत लाल पिल्लं चमकली आणि बाईनं झोळी गंजात पालथी केली. अर्धी आली, अर्धी निसटली. निसटलेल्यांचा पुन्हा गोळा झाला आणि तो गवताच्या आत सरकला. खाली ती मोठी काळी सावली फिरत होती.

"अजून एकदा घेऊ," मी म्हटलं. मला चेव आला होता.

"बस. बाकीचे त्याचे." तिनं ओलं फडकं गंजावर बांधलं आणि पुलाकडे हात केला.

बोडी

पुलावर देवराव कठड्याला धरून उभा होता. आम्हाला बघितलं आणि तो आधी ओरडायलाच लागला. मी भिजलेली, बोटाला रक्त, घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं. त्याची आई माझा हात धरून वर आली आणि तिनं गंजावरचं फडकं बाजूला केलं. देवराव वाकला. मिलिंद वाकला.

"मरळीचे?" देवरावचा आवाज एकदम खाली आला. "गायडोहात हायेत अजून?"

"हायेत."

तो मग पिकअप इतकी हळू चालवत आला की मागच्या सायकलवाल्यानं आम्हाला ओलांडलं. गंज मिलिंदच्या मांडीत होता, दोन्ही हातांनी धरलेला. बोडीच्या काठावर बाईनं गंज पाण्यात टेकवून ठेवला. गंजातलं पाणी बोडीच्या पाण्यासारखं झालं पाहिजे म्हणाली, एकदम टाकायचं नाही. थोड्या वेळानं तिनं गंज तिरका केला. पिल्लं लगेच बाहेर गेली नाहीत. काठावर घुटमळली, मग एक गेलं, मग सगळी. गवताच्या सावलीत तो लाल गोळा जरा वेळ दिसला आणि नाहीसा झाला.

मिलिंदनं एकही मरळ धरली नाही. त्याला मी म्हटलं, उद्या गायडोहावर जाऊन बघ, तुझा गळ आहे. तो म्हणाला, नको.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. मूलच्या अलीकडे मी त्याला वाळूवरची सगळी गोष्ट सांगितली. सांगू की नको, रात्रभर विचार केला होता. त्याच्या आठवणी माझ्याच दिलेल्या. त्यातली सगळ्यात चांगली आठवण मी मोडायची का? पण खोटी ठेवून तरी काय करायचं? ऐकून झाल्यावर त्यानं रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, चष्मा काढला, पुसला.

"मग बाबा दर रविवारी का जायचे, ताई?"

"किसनभाऊंसाठी जायचे."

"तेही बाबांसाठी यायचे."

"हो."

त्यानं गाडी सुरू केली.

यंदा पावसाच्या तोंडावर, धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायच्या दिवसांत मी करंजटोल्याला फोन केला. देवरावनं फोन आईला दिला. तिला आता कमी ऐकू येतं, दोघींनाही ओरडून बोलावं लागलं.

"बाई, बोडीत मरळ दिसली का?"

"नाई दिसली. एक बी नाई दिसली."

उन्हाळ्यात मेली असतील, बगळ्यांनी खाल्ली असतील, आणखी काय काय मनात आलं. तिकडून तिचा आवाज आला, जरा घुश्श्यातला, माझ्या लक्षात कसं येत नाही अशा थाटाचा.

"अवो पण औंदा बोडीतले बेंडकं कोणतरी खाऊन राह्यलं ना!"